उस्तादाच्या दारातलं इंजिन

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगणारे बहुतेक 1954च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरुवात करतात. मग 1962ची एमआयडीसी, टेल्को, बजाज आणि शेवटी चाकण. पण फाटकातून बाहेर पडलेली गाडी पंधरा वर्षांनी कुणाच्या हाताखाली येते, हे त्यात नसतं. आपल्यातले कितीतरी लोक या पट्ट्याच्या इतिहासात त्याच जागी सापडतात.

टेल्कोने 1954 मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी करार केला, तो जमशेदपूरच्या कारखान्यासाठी. पिंपरीचा कारखाना साठच्या दशकातला. 1969 मध्ये करार संपला आणि ट्रकवरचा तीन टोकांचा तारा गेला. 1986 मध्ये टाटांची 407 आली. त्याच सुमारास डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा या जपानी साथीच्या गाड्याही रस्त्यावर होत्या. 407 टिकली ती किमतीमुळे, असं म्हणतात आणि ते खरंही आहे. पण ती घरासमोरसुद्धा उघडता येत होती, हे मला तितकंच मोठं कारण वाटतं.

आमचे खालू कासारवाडीत राहायचे. एकाच टेम्पोवर घर चालवणाऱ्या मालकाला मोठ्या गॅरेजचा खर्च झेपत नसे, म्हणून गाडी खालूंच्या दारात यायची. आधी बॅटरी सोडायची, मग रेडिएटरचं पाणी आणि इंजिनातलं ऑइल. रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप, डिझेलच्या नळ्या, वायरी निघाल्या की खाली झोपून प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्स. मग तीन लोखंडी पाइपांची तिपाई, तिला चेन-कप्पी. फाउंडेशनचे बोल्ट काढले की इंजिन इंचाइंचाने वर यायचं. मोहल्ल्यातली पोरं तोवर भिंतीवर बसलेली असत.

उतरवणं सोपं, चढवणं अवघड. क्लच प्लेट बरोबर मध्यावर नसेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जातच नाही. खालूंनी त्यासाठी एक जुना शाफ्ट जपून ठेवला होता. तो घालून प्लेट आधी सरळ करायची, मगच बोल्ट आवळायचे. शेवटी डिझेलच्या लाइनमधली हवा हातपंपाने काढायची. इंजिन सुरू होईपर्यंत खालू जेवत नसत, आणि मग खालालाही जेवता येत नसे. (ही बाजू कुणी विचारतही नाही.)

त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत, हिंदू ड्रायव्हरही. गाण्याच्या मैफलीतला हा शब्द गॅरेजमध्येही तितक्याच अदबीने चालतो. शाळा सुटलेल्या पोराला आयटीआयचं दार बंद असे, उस्तादाचं उघडं असे. मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं सच्चर समितीने 2006 मध्ये आकड्यांनी मांडलं. त्या आकड्यामागे किती शागीर्द पाने पुसत मोठे झाले, हे अहवालात मावणारं नव्हतं. अर्थात या शाळेत पगार नसे, आणि बोटं चेंगरली तर दवाखान्याचा खर्च घरचाच. तिचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंजिनं आली. सेन्सर, संगणक, धुराची सफाई करणारी यंत्रणा. तिपाई लावून इंजिन आजही खाली येईल, पण चढवल्यावर स्कॅनर जोडल्याशिवाय बिघाड कळत नाही, आणि स्कॅनर प्रत्येक दारात नसतो.

खालूंचा नातू चाकणला कंत्राटावर आहे. इंजिनाच्याच लाइनवर. त्याच्या वाट्याला चार बोल्ट येतात, ते मशीन ठरल्या ताकदीने आवळतं. अख्खं इंजिन खोललेलं त्याने अजून पाहिलेलं नाही.