इकेबाना म्हणजे काय? मोजक्या फुलांची जपानी पुष्परचना कशी करतात?

फुलदाणी गच्च भरली की सजावट झाली, असा सर्वसाधारण समज असतो. जपानच्या ‘इकेबाना’ कलेत मात्र एक वाकडी फांदी, दोन-तीन फुले आणि उथळ भांड्यातले पाणी एवढ्यावर काम भागते. ‘इकेरू’ म्हणजे जिवंत ठेवणे आणि ‘हाना’ म्हणजे फूल. या दोन शब्दांतून हे नाव तयार झाले.

सुरुवात कुठे झाली?

बुद्धापुढे फुले वाहण्याच्या प्रथेत या कलेचे मूळ आहे. क्योटोतील रोक्काकुदो मंदिराच्या पुजाऱ्यांची ‘इकेनोबो’ ही सर्वात जुनी परंपरा. त्यातील सेनकेई यांच्या पुष्परचनेची नोंद १४६२ सालच्या एका रोजनिशीत सापडते. १९व्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये आखूड देठाची पाश्चात्त्य फुले येऊ लागली. ती उंच रचनेत बसत नव्हती. तेव्हा ओहारा उन्शिन यांनी उथळ भांड्यातली ‘मोरिबाना’ शैली आणली. १९२७ मध्ये सोफू तेशिगाहारा यांनी ‘सोगेत्सु’ परंपरा सुरू केली. कोणीही, कुठेही, कोणत्याही साहित्यातून रचना करू शकतो, ही तिची भूमिका.

रचना कशी करतात?

सोगेत्सुच्या प्राथमिक रचनेत तीन मुख्य रेषा असतात.

• शिन: सर्वात लांब फांदी. लांबी भांड्याच्या रुंदी आणि उंचीच्या बेरजेच्या दीडपट. जवळपास उभी, १० ते १५ अंश कललेली.
• सोए: शिनच्या पाऊणपट, ४५ अंश कललेली.
• हिकाए: सोएच्या पाऊणपट, ७५ अंश कललेली. इथे बहुतेक वेळा फूल वापरतात.

म्हणजे भांडे २५ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच असेल, तर शिन ४५, सोए सुमारे ३४ आणि हिकाए सुमारे २५ सेंटिमीटर.

देठ पाण्यात बुडवून कापतात. त्यामुळे देठाच्या नलिकांत हवा शिरत नाही आणि फूल पाणी नीट शोषते. लाकडी फांदी तिरकी, तर मऊ देठ सरळ कापतात. मग ते ‘केन्झान’वर, म्हणजे पितळी सुया असलेल्या जड धातूच्या चकतीवर रोवतात. चकती दिसू नये म्हणून पाने, शेवाळ किंवा खडे वापरतात.

केन्झानच का?

बाजारी पुष्परचनेतला हिरवा स्पंज हा प्लास्टिकचाच प्रकार. तो कुजत नाही, त्याचा भुगा पाण्यात आणि मातीत मिसळतो. केन्झान धुऊन वर्षानुवर्षे वापरता येते. फुले वाळली की मागे उरतो तो फक्त पालापाचोळा.

रिकामी जागा कशासाठी?

फांद्यांमधल्या मोकळ्या जागेला जपानीत ‘मा’ म्हणतात. ती असेल तरच फांदीचे वळण आणि फुलाचा कल डोळ्यांत भरतो. म्हणून रचना करताना अनावश्यक पाने काढून टाकणे हे मोठे काम असते. किडीने खाल्लेले पान किंवा न उमललेली कळी मात्र मुद्दाम ठेवली जाते, कारण ऋतू कोणता आहे ते त्यातूनच कळते. कळी दोन दिवसांनी उमलेल, पान गळेल, आणि रचना बदलत जाईल. इकेबानात हा बदल दोष मानत नाहीत.