शिमी : एका थरथराटाची शंभर वर्षं

गाडी ऐंशीच्या स्पीडला मस्त चाललेली असते. पुलाच्या जोडावर पुढचं चाक आपटतं आणि अचानक स्टिअरिंग डावी-उजवीकडे असे झटके देतं, की हातातून सुटेल असं वाटावं. लिफ्ट किट बसवलेल्या जीपचे शौकीन याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. इंजिनिअरांकडे त्याचं जुनं नाव आहे : ‘शिमी’. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत खांदे थरथरवत करायचा एक नाच गाजला होता, त्याचं हे नाव.

१९२०च्या दशकात हा नाच गाड्यांच्या अंगात आला. तोवर टायर अरुंद आणि टणक असत. १९२३मध्ये फायरस्टोननं कमी हवेचे, गुबगुबीत बलून टायर आणले. प्रवास सुखाचा झाला. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले. पुढचा भाग जड, टायर लवचिक, आणि दोन्ही चाकं एकाच सलग एक्सलला जखडलेली. स्टिअरिंग थरथरू लागली.

कारण समजायला सायकलचं सुटं चाक घ्या. दोन्ही हातांनी आस धरा, कुणाला तरी चाक जोरात फिरवायला सांगा आणि आस तिरका करा. चाक हातात आपोआप बाजूला वळू पाहतं. सलग एक्सलवर एक चाक उचललं गेलं की दोन्ही चाकं कलतात, कलली की वळतात, आणि वळली की एक्सल उलटा कलतो. एक झटका दुसऱ्याला बोलावतो.

१९३०मध्ये रोल्स-रॉइसमधला इंजिनिअर मॉरिस ऑली कॅडिलॅकमध्ये आला. तिथे आणि इतरत्र चाललेल्या प्रयोगांतून निघालेला उपाय मुळावरच घाव घालणारा होता : पुढचा एक्सलच काढा. १९३४च्या मॉडेलांत जनरल मोटर्सनं पुढची चाकं एकमेकांपासून सोडवली. एक उचललं, तरी दुसऱ्याला पत्ता नाही.

१९४१ची विलीस जीप मात्र सलग एक्सलवरच आली. युद्धाला दणकटपणा आणि सोपी दुरुस्ती हवी होती. याच विलीस जीपची जुळणी महिंद्रानं पुढे मुंबईत सुरू केली.

अशी गाडी उंच करून मोठे टायर घातले, की १९२०चं दशक परत येतं. चाकं जड होतात. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होऊ शकतो. मग चाकाची आपणहून सरळ होण्याची ओढ घटते. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत एक्सलला आडवा धरून ठेवणारा ट्रॅक बार तिरका होतो. त्याच्या बोल्टला थोडा प्ले असला, तरी पुरतो.

अशा वेळी बरेच जण मोठा स्टिअरिंग डँपर टाकून मोकळे होतात. त्यानं थरथर दबते, ढिला बोल्ट ढिलाच राहतो. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग बघा. मग गाडी जमिनीवरच ठेवून एकानं स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्यानं बाजूनं ट्रॅक बारची टोकं आणि टाय रॉडचे सांधे न्याहाळावेत. त्यानंतर चाक जॅकवर उचलून बॉल जॉइंट आणि बेअरिंग हलवून बघा. शेवटी अलाइनमेंटमध्ये कॅस्टर मोजून घ्या.

आणि रस्त्यातच झटके सुरू झाले तर? जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंगशी कुस्ती करू नका. ते घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या आणि गाडी कडेला घ्या. कारण सापडेपर्यंत ती हायवेवर नेऊ नका.