मालकी रान आणि देवाची राई

भोर आणि वेल्हे या मावळी मुलुखात माणसावेगळे अरण्य असे कधी नव्हतेच. रोहिडा, राजगड आणि तोरणा यांच्या उतारांवर मालकी शेत, गायरान, सरकारी जंगल आणि देवाची राई ही एकमेकांस इतकी खेटून आहेत की, एकास हात लावला असता दुसऱ्यास धक्का बसल्यावाचून राहत नाही.

ज्या शंकराजी नारायण सचिवांनी राजाराम महाराजांच्या कठीण काळात हा मुलूख सांभाळला आणि ज्यांच्या घराण्याकडे १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत भोर संस्थान राहिले, त्यांचे सहकारी रामचंद्रपंत अमात्य यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जो दंडक घालून दिला, तो या दृष्टीने मननीय आहे. सागासारखी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत. आंबा-फणस मात्र रयतेने वर्षानुवर्षे जपलेले, म्हणून त्यांस हात लावू नये. आणि एखादे जीर्ण झाड घेणेच प्राप्त झाले, तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे.

देवराईचा कायदा तर लेखीही नव्हता. शिरकाई, काळूबाई अशा ग्रामदेवतांच्या रायांत देवाचा कौल घेतल्यावाचून कुऱ्हाड चालत नसे, आणि काही ठिकाणी वाळली काटकीही घरी नेत नसत. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील या रायांचा अभ्यास केला, तेव्हा भोवतालचे डोंगर उघडे पडले असताना मूळच्या सदाहरित वनाचे अवशेष त्यांस येथेच आढळले.

याउलट पानशेत धरणासाठी रस्ता झाला आणि त्यामागोमाग कोळशाचे ठेकेदार खोऱ्यात शिरले, तेव्हा गरजवंत शेतकऱ्यांच्या मालकी रानातला हिरडा कवडीमोलाने भट्टीत गेला. पुढे ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने कायद्याने सरकारात निहित झाली. परंतु सातबाऱ्यावरील नाव बदलल्याने राखणदाराची आस्था सरकारजमा होत नाही. २००२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन, मालकाने वा गावाने स्वेच्छेने राखलेल्या भूमीसाठी सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद झाली, तेव्हा संमतीचे जुने तत्त्व अखेर कायद्याच्या भाषेत उतरले.

म्हणून या डोंगरांवर संरक्षणाची कोणतीही नवी हद्द आखावयाची झाल्यास, तिचा नकाशा प्रथम ग्रामसभेपुढे ठेवावा आणि राखणीचा मोबदला राखणाऱ्याच्या पदरी पडावा. हा रयतेवर उपकार नव्हे, वन टिकविण्याची ती पूर्वअट आहे.