पेटीतलं चांदीचं दहाचं नाणं

आपल्या दिंडीच्या पेटीत जुन्या माळकऱ्यांनी अर्पण केलेली चांदीची नाणी आहेत. शताब्दीनिमित्त ती आटवून पादुका कराव्यात, असं काही मंडळींचं म्हणणं आहे. त्याआधी त्यातल्या गांधीजींच्या नाण्याची हकीकत सर्वांच्या कानावर घालावी, म्हणून आम्ही हे लिहायला घेतलं.

पूर्वी रुपया म्हणजेच तोळा. राणीछाप, राजाछाप रुपया वजनाला 11.66 ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. दगडावर टाकला की वाजायचा. ‘नाणं खणखणीत आहे’ असं आपण माणसालाही म्हणतो ते त्यावरूनच. 1940 साली लढाईच्या दिवसांत सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. 1947 साली तीही गेली अन् रुपया निकेलचा झाला.

त्यानंतर बावीस वर्षांनी, 1969 साली, गांधीजींच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा स्वतंत्र भारतात पहिल्यांदा चांदीचं स्मारक नाणं निघालं. किंमत दहा रुपये. सोबत वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया हेही निघाले, पण त्यांत चांदी नाही. दहाच्या नाण्याचं वजन 15 ग्रॅम, शंभरात ऐंशी भाग चांदी. म्हणजे 12 ग्रॅम झाली. राजाछाप जुन्या एका रुपयात ती पावणेअकराच्या आसपास भरायची. आजोबांच्या एका रुपयात जेवढी चांदी, त्याहून थोडीशीच जास्त आमच्या दहा रुपयांत! महागाईवर आणखी कीर्तन कशाला करायचं?

नाण्याच्या एका अंगाला अशोकस्तंभाचे सिंह. दुसऱ्या अंगाला डावीकडं तोंड केलेले गांधीजी, नागरीत अन् इंग्रजीत नाव, आणि 1869-1948. यावरून गावात पुष्कळजण नाणं 1948 चं समजतात. तसं नाही. ती जन्माची अन् निधनाची सालं. नाणं पाडल्याचं साल त्यावर घातलेलंच नाही. मुंबईच्या टांकसाळीतलं असेल तर सालाजवळ हिऱ्याच्या आकाराची बारीक खूण असते, कलकत्त्याच्या नाण्यावर नसते. भिंग लावून बघा.

वारकऱ्याच्या पेटीत हे नाणं परकं नव्हे. गांधीजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात तुकोबारायांचे अभंग इंग्रजीत उतरवले होते. पुढं 1999 साली माउलींचा एक रुपया अन् 2002 साली तुकोबारायांचे दोन रुपये निघाले. ते तर आपण चहाला देऊन मोकळे झालो!

एक विनंती. पेटीतली नाणी चिंचेनं, राखेनं घासू नका. काळी पडली तरी पडू द्या. घासलं की चेहऱ्यावरच्या बारीक रेघा जातात, मग जाणकार त्याला निव्वळ चांदीचा भाव देतो. आणि आटवल्यावर तर कुणी काय वाहिलं होतं, हे सोनारालाही सांगता येणार नाही.

पादुका व्हाव्यातच, पण त्यांची चांदी वर्गणीतून घ्यावी. आषाढीआधीच्या बैठकीत हा विषय निघेल, तेव्हा आमचा हात नाणी राखायच्या बाजूनं वर असेल.