पोलीस अ‍ॅक्शन

पोलीस अ‍ॅक्शन : (पोलीस कारवाई). हैदराबाद संस्थानाविरुद्ध भारतीय सेनेने १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात केलेल्या मोहिमेचे रूढ नाव. सेनेच्या दप्तरी ही मोहीम ‘ऑपरेशन पोलो’ होती. भारत सरकारने मात्र देशापुढे आणि जगापुढे ती ‘पोलीस कारवाई’ म्हणून मांडली. बीड, औरंगाबाद, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या संस्थानातील पाच मराठी जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्यात, हा इंग्रजी जोडशब्दच बोलीत मुरला. ‘अ‍ॅक्शनच्या आधी’ आणि ‘अ‍ॅक्शननंतर’ अशी काळाची विभागणी जुन्या पिढीच्या बोलण्यात असे. राज्यकर्ते युद्धाचे समर्थन शब्दांतून कसे उभे करतात, हे समजून घेण्यासाठी मराठवाड्याला दूर जावे लागत नाही.

पार्श्वभूमी : हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये फर्मान काढून भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणातही सामील न होण्याचा निर्णय जाहीर केला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. या काळात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा नेता कासिम रझवी याची रझाकार संघटना बळावली. उर्दूत ‘रझाकार’ म्हणजे स्वयंसेवक. या संघटनेच्या जुलमामुळे मराठवाड्यात या शब्दाचा अर्थच पालटला. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर निजामांच्या घराण्याचा आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा रझवीच्या भाषणांत होती. दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. स्वामीजींनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत अध्यापन केले होते. त्यामुळे बीड जिल्ह्याचा या लढ्याशी जवळचा संबंध होता.

शब्दाची निवड : ७ सप्टेंबर १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी रझाकारांवर बंदी घालावी आणि भारतीय फौजेला सिकंदराबादेत पुन्हा येऊ द्यावे, अशी मागणी जाहीर केली. निजाम सरकारने ती नाकारली आणि सहा दिवसांनी सेना संस्थानात शिरली. तिच्यात चिलखती डिव्हिजन होती आणि मदतीला विमाने होती. तरीही नाव पोलिसांचे राहिले. त्या नावाने तीन कामे केली.

पहिले काम कायद्याचे. युद्ध दोन राष्ट्रांत होते, पोलीस कारवाई स्वतःच्या हद्दीत. हैदराबादने २१ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली तेव्हा, हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नसल्याने तक्रारीला आधार नाही, अशी भारताची भूमिका रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. ‘पोलीस’ हा शब्द याच भूमिकेचे थोडक्यात रूप होता.

दुसरे काम लोकांच्या मनाचे. पोलीस गुन्हेगाराला पकडतात आणि परत जातात. १८ सप्टेंबरच्या आकाशवाणीवरील भाषणात नेहरूंनी आपण युद्धाचा तिटकारा असलेली माणसे आहोत, परिस्थितीने हे पाऊल उचलायला लावले, असे सांगितले. गांधीजींच्या हत्येला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या सरकारला आपल्या सैन्याविषयी बोलण्यासाठी सौम्य शब्द हवा होता.

तिसरे काम राजकीय तडजोडीचे. गुन्हेगार रझाकार ठरले, म्हणून निजाम शत्रू ठरले नाहीत. २३ सप्टेंबरला निजामांनी रेडिओवरून हीच मांडणी उचलली. हिटलरी पद्धतीने एका गटाने राज्याचा ताबा घेतला होता, असे त्यांनी सांगितले. २६ जानेवारी १९५० पासून तेच हैदराबादचे राजप्रमुख (राज्याचे घटनात्मक प्रमुख) झाले.

अन्यत्र उपयोग : इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याविरुद्ध जुलै १९४७ मध्ये केलेल्या लष्करी मोहिमेलाही डच सरकारने ‘पोलीस कारवाई’ म्हटले होते. तेव्हा तिच्याविरुद्ध सुरक्षा परिषदेत जाणाऱ्या देशांत भारत होता. जून १९५० मध्ये पत्रकाराने सुचवलेले हेच वर्णन अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी कोरियातील युद्धासाठी मान्य केले. ते युद्ध तीन वर्षे चालले. एकच शब्द वसाहत टिकवण्यासाठी वापरला गेला आणि जुलमी राजवट संपवण्यासाठीही. म्हणून कारवाईचा न्याय शब्दावरून ठरत नाही. तो घटनांवरूनच तपासावा लागतो.

बीड जिल्हा : मोमिनाबाद हे अंबाजोगाईचे तेव्हाचे नाव; येथे घोडदळाची जुनी छावणी होती. जालना व लातूरकडून आलेल्या भारतीय तुकडीला येथे गोवळकोंडा लान्सर्सनी किरकोळ प्रतिकार केला आणि मग शस्त्रे ठेवली. १७ सप्टेंबरला निजामांनी युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनाप्रमुख जनरल अल इद्रूस यांनी भारतीय सेनेचे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. जनतेला मुक्ती मिळाली, ही गोष्ट खरी आहे.

भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर फिरून जे नोंदवले, तेही खरेपणाने सांगितले पाहिजे. कारवाईच्या काळात व नंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा तिचा अंदाज होता. त्यांत मुसलमान बहुसंख्य होते. बीड, औरंगाबाद, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून मृतांचा आकडा पाच हजारांहून कमी नसावा, असे तिने म्हटले. काही ठिकाणी सैनिक व पोलिसांचाही सहभाग तिने नोंदवला. जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांना वाचवणाऱ्या हिंदू विणकरांचाही तिने आवर्जून उल्लेख केला. समितीचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. रझाकारांनी मारलेल्यांची आठवण गावोगाव राहिली. रझाकार नसताना त्या नावाखाली मारल्या गेलेल्या शेजाऱ्यांना ‘पोलीस अ‍ॅक्शन’ या शब्दात जागा मिळाली नाही.

नंतरची नावे : महाराष्ट्रात १७ सप्टेंबर हा ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ आहे. संस्थानाच्या कर्नाटकात गेलेल्या भागात २०१९ पासून त्या दिवशी ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ असतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने तो ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणून, तर तेलंगण सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून पाळला. ‘मुक्तिसंग्राम’ या नावाने लढणाऱ्या लोकांना इतिहासाच्या मध्यभागी आणले, हे त्याचे मोठे मोल आहे. ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हे सरकारने दिलेले नाव होते. बीडच्या माणसांनी ते आपल्या आयुष्यातली खूण म्हणून वापरले. त्या खुणेपाशी झेंडावंदन आहे आणि न मोजलेल्या कबरीही आहेत. या शब्दाचा पूर्ण अर्थ दोन्ही मिळूनच होतो.