बदनाम झालेली बत्तीस

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी खेड्यापाड्यांतल्या अनेक शाळांना सुटी असे. त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होई आणि मास्तर व मुले दोघेही रानात असत. (२०१९ पासून हा हंगाम शनिवारी सुरू होऊ लागला.) आम्ही दोघे-तिघे तेथे संशोधनासाठी राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. हंगाम तोंडावर आला असता प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने आम्हाला नेमबाजीच्या मैदानावर नेले. शिकारीत आम्हाला रस नव्हता, आजही नाही. पण त्याने पेटीतून आजोबांची रायफल काढली आणि आमच्यातला पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी जागा झाला.

ती होती १८९४ च्या नमुन्याची विंचेस्टर. जॉन ब्राउनिंगने रचलेल्या या रायफली पुढे सत्तर लाखांहून अधिक बनल्या. चापाभोवतीची लोखंडी कडी म्हणजेच तरफ. ती खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, नवे वर उचलले जाते आणि घोडा मागे चढतो. तरफ वर घेतली की नळीचे मागचे तोंड बंद. वर्गात तरफेचे प्रकार शिकवताना आपण अडकित्ता आणि ढकलगाडी यांच्यापुढे सहसा जात नाही. एकाच हिसक्यात चार कामे करणारी ही तरफ पाहून आम्ही ती उगाचच दहा वेळा खालीवर केली.

हे तंत्र अर्थात त्याहून जुने. बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये अशा रायफलीचे पेटंट घेतले होते. १८७७ साली प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्कांनी विंचेस्टरच्या तरफेच्या रायफलींनी रशियन सैन्याला जेरीस आणले होते. या रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापुढे एक अशी रांगेने बसतात. म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमके स्फोटक टोपीवर, टेकलेले. म्हणून गोळीचे नाक चपटे ठेवावे लागते. हवेचा विरोध वाढतो, पण दुसरा उपाय नव्हता.

आमच्या हातातल्या रायफलीच्या नळीवर ‘३२ डब्ल्यू. एस.’ अशी अक्षरे होती. म्हणजे .३२ विंचेस्टर स्पेशल. सहकारी म्हणाला, “ही घरात कोणी वापरत नाही. बत्तीसची नळी जरा झिजली की नेम जातो म्हणतात.” शंभर वर्षांच्या या काडतुसाबद्दल बहुतेक शिकाऱ्यांचे मत एवढेच. हे मत आले कोठून, ते पाहायला थोडे मागे जावे लागते.

बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. (यातला सोरा युरोपला दोनशे वर्षे मुख्यतः आपल्या बिहारने पुरवला.) ती जळली की तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे घन क्षार उरतात. थोडे धुरात जातात, बाकीचे नळीत बसतात. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली. ती जळून जवळजवळ सगळा वायूच होतो आणि गोळीला वेगही खूप जास्त मिळतो. १८९५ मध्ये विंचेस्टरने १८९४ च्या नमुन्यासाठी या दारूची .३०-३० ही काडतुसे आणली आणि त्यांच्यासाठी निकेल मिसळलेल्या पोलादाची नळी वापरली. नावातले पहिले तीस म्हणजे नळीचा व्यास, शतांश इंचांत. दुसरे तीस म्हणजे दारूचे वजन, ग्रेनमध्ये.

पण रानाकडेच्या माणसाची एक अडचण होती. तो रिकामी काडतुसे घरीच पुन्हा भरत असे, तीही काळ्या दारूने. नवी दारू मापात थोडी चुकली तर नळीच फुटायची. आणि काळ्या दारूचा साका अरुंद, जास्त पिळाच्या नळीत लवकर साचतो. त्याच्यासाठी विंचेस्टरने १९०१-०२ च्या सुमारास .३२ स्पेशल काढले. कारखान्यातून घ्याल तर धूरविरहित, घरी भराल तर काळी दारू चालेल. नळीच्या आतले माप नवे नव्हतेच. जुन्या .३२-४० या काळ्या दारूच्या काडतुसाचा व्यास आणि पीळ तसाच उचलला होता.

पीळ म्हणजे काय? नळीच्या आत मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्या एक पूर्ण फेरा किती लांबीत घेतात, तो पीळ. .३०-३० मध्ये हा फेरा १२ इंचांत पुरा होतो, बत्तीसमध्ये १६ इंचांत. सेकंदाला ६७० मीटर वेगाने निघालेली .३०-३० ची गोळी त्यामुळे सेकंदाला सुमारे २२०० गिरक्या घेते. बत्तीसची सुमारे १७००. आपल्या छताचा पंखा पाच-सहाच घेतो. गिरकी कमी पडली की भोवरा जसा डुलतो आणि आडवा होतो, तशीच गोळीही.

गिरकी किती हवी याचा सोपा नियम वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिला. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा आणि तिच्या लांबीने भागा. येईल तेवढ्या लांबीत एक फेरा पुरे. बत्तीसच्या गोळीचा व्यास ८.१५ मिलिमीटर, लांबी साधारण २४. उत्तर येते सुमारे ४१५ मिलिमीटर. आणि १६ इंच म्हणजे ४०६. म्हणजे जेमतेम पास! तेवढ्याच वजनाची .३०-३० ची गोळी साधारण २६ मिलिमीटर लांब. तिला ३५० च्या आसपास पुरतात, मिळतात ३०५. ती पहिल्या वर्गात. बत्तीसवरच्या आरोपाला येथेच आधार मिळाला असणार.

पण ग्रीनहिलचा नियम मुळातच सावध आहे. थोड्या कमी गिरकीवरही गोळी सरळ जाते. शिवाय नळी झिजल्याने पीळ बदलत नाही, तो बारा इंचांचा बाराच राहतो आणि सोळाचा सोळा. गोळी खाचांवरून घसरली तरच गिरकी कमी होईल. मग नळ्या एवढ्या खराब कशाने होत?

याचे उत्तर रसायनशास्त्रात होते. त्या काळच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते फुटले की पोटॅशियम क्लोराइड उरते, मिठाचेच भावंड. हवेतली ओल शोषून ते पोलाद गंजवते. काळ्या दारूच्या काळी लोक नळी गरम पाण्याने धूत, त्यात हा क्षारही वाहून जाई. नवी दारू ‘स्वच्छ’ म्हणून त्यांनी पाणी सोडले आणि तेलाचा बोळा फिरवू लागले. तेलात हा क्षार विरघळत नाही. तेलाच्या थराखाली गंज आरामात चढत राहिला. अमेरिकेच्या खाण खात्याने १९२२ मध्ये प्रयोगांनिशी हे दाखवून दिले. दशकाच्या अखेरीस क्लोरेट नसलेल्या टोप्या बाजारात येऊ लागल्या, पण तोवर हजारो नळ्या आतून खरवडल्यासारख्या झाल्या होत्या. त्यात .३०-३० च्याही होत्या. आमच्या मते गुन्हेगार मीठच. बत्तीसचा कमी पीळ फार तर साथीदार.

आजोबांच्या रायफलीची नळी दिव्यासमोर धरली तर आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसत होते. परीक्षा घ्यायची तर हीच नळी योग्य. शंभर यार्डांवर जाड कागद लावला, आजच्या कारखान्यातली पाच काडतुसे घेतली. सहकाऱ्याने तीन झाडली, आम्ही दोन. (खांदा दोन दिवस ठणकत होता.) नेम आमचा होता तसाच होता, त्याबद्दल न बोललेले बरे. आम्हाला पाहायचा होता भोकांचा आकार. गोळी डुलत आली असती तर भोक लांबट, चावीच्या छिद्रासारखे पडते. कागद उतरवून आम्ही कॅलिपर लावला. पाचही भोके गोल होती.

पेटीच्या कप्प्यात आजोबांची साफसफाईची सामग्री होती. एक काठी, फडक्याचे तुकडे आणि तेलाची एक पत्र्याची बाटली. पुढच्या हंगामात सहकाऱ्याने बत्तीसच नेली. हरीण काही मिळाले नाही, पण त्याचा दोष या वेळी त्याने रायफलीला दिला नाही.