शेडनेटमधल्या टोमॅटोवर पांढरी माशी : ढालकिडा किती कामाचा?

टोमॅटोचं झाड हलवलं की पीठ उडाल्यासारखी माशी उठते. ती दिसते म्हणून आपण तिच्यावर फवारतो. पण तिची अंडी आणि पिल्लं पानाच्या मागं चिकटलेली असतात, आणि ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड खातो ती हीच.

ढालकिड्याची अळीही तेवढीच खादाड. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, बारक्या मगरीसारखी दिसते. पहिल्या वर्षी मी तिला नुकसानीची अळी समजून जहाल औषध मारलं. भुंगेरे संपले अन् पंधरा दिवसांत माशी परत हजर! मात्र पिवळी, काटेरी अळी पानाची जाळी करत असेल तर ती शत्रूच. तिचा भुंगेरा मळकट तांबूस, 28 ठिपक्यांचा असतो. मित्रकिड्याची पाठ चकचकीत असते.

आता विकतचं. दुकानदार ‘क्रिप्टोलिमस’ देईल. तो पिठ्या ढेकणासाठी चांगला, पांढऱ्या माशीसाठी पैसे घालू नका. परदेशातल्या काचघरांत ‘डेल्फास्टस’ नावाचा बारीक काळा भुंगेरा सोडतात. त्याच्या मादीला अंडी घालायची तर रोज माशीची शंभरावर अंडी खायला लागतात. माशी कमी असली की तो टिकत नाही. शिवाय टोमॅटोच्या पानावरची चिकट लव त्याच्या अळीला नीट फिरू देत नाही. आपल्याकडचे नेहमीचे ढालकिडे तर मावा मिळाला की आधी त्याच्याकडं वळतात.

म्हणून एकट्या ढालकिड्यावर विसंबू नका. पांढरी माशी पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवते, त्याला थोड्या माशाही पुरतात. पानं एकदा गोळा झाली की ते झाड कशानंच बरं होत नाही. उपटून, पिशवीत बांधून बाहेर न्या. आधी 50 मेशची जाळी, दुहेरी दार आणि माशी नसलेली रोपं. भुंगेरे नंतर.

घरचे ढालकिडे राखायचे असतील तर सिंथेटिक पायरेथ्रॉइडची औषधं बंद ठेवा. कुठून आणून सोडणार असाल तर ऊन उतरल्यावर, माशी जास्त असलेल्या झाडांवर सोडा. आणि पिवळे चिकट सापळे तेवढे दिवस काढून ठेवा, भुंगेरेही त्यालाच चिकटतात.